यकृतातील मेदाचा शोध

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदा संगमरवराच्या उंच कड्यांमधून संथ वाहते. नावेतून कोणी हाक घातली, तर ती कड्यावर आदळून माघारी येते. अंधारात कडा दिसत नसला, तरी हाक परत येण्यास लागलेल्या वेळावरून त्याचे अंतर कळू शकते. मनुष्याच्या यकृतात साठलेला मेद ओळखण्याची विद्या ह्याच साध्या तत्त्वावर उभी आहे. मात्र ती सिद्ध व्हावयास फार काळ लागला.

यकृताच्या वाढीमुळे होणाऱ्या उदररोगास आयुर्वेदाने 'यकृद्दाल्युदर' असे नाव दिले होते. पोट चाचपून वैद्यास वाढ कळे. ती मेदामुळे आहे की अन्य कशामुळे, हे बोटांना कळत नसे. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. परंतु साध्या क्ष-किरणचित्रात निरोगी यकृत आणि मेदाने भरलेले यकृत ह्यांच्या छायेत फारसा भेद दिसत नाही. जबलपूरला १९५५ साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हाही खात्री करून घ्यावयाची तर बरगड्यांमधून सुई घालून यकृताचा कण काढणे आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हाच मार्ग होता. ज्याला काहीच दुखत नाही, त्याने ती सुई का सोसावी? साहजिकच रोग दडून राही.

पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी फ्रान्समध्ये लांजव्हँ यांनी कानांना ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा उपयोग केला होता. १९५८ साली ग्लासगोचे इयन डॉनल्ड व त्यांचे सहकारी यांनी तशाच ध्वनीने घेतलेली पोटातील गाठींची चित्रे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. पुढे हेच तंत्र यकृतासाठीही वापरले जाऊ लागले. मेदाचे थेंब ध्वनी विखुरतात, अधिक प्रतिध्वनी माघारी येतो आणि पडद्यावर यकृत शेजारच्या मूत्रपिंडाहून उजळ दिसते.

हा मद्यप्यांचा रोग, ही समजूत १९८० साली अमेरिकेत लुडविग यांच्या निबंधाने ढासळली. अतिमद्यपान न करणाऱ्यांच्या यकृतातही तीच विकृती आढळली होती. हा केवळ लठ्ठांचा रोग, ही दुसरी समजूतही टिकणारी नव्हती. २००४ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु किरणांनी मोजलेला अंगातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के! हा मेद केवळ यकृतातला नव्हे, सर्व देहातला. तथापि सडपातळ भारतीय देह किती लपवू शकतो, हे त्यातून उघड झाले.

२०२१ साली केंद्र शासनाने ह्या विकाराचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात समावेश केला. सोनोग्राफीला अल्प मेद निसटतो, ही तिची मर्यादा खरी. परंतु वेळीच कळलेला मेद आहार, व्यायाम व वजन ह्यांवर ताबा ठेवून ओसरू शकतो. यकृत एकदा निबर झाले की मागे फिरणे कठीण. म्हणून माघारी येणारी ती हाक वेळेवर ऐकणे, ह्यातच ह्या विद्येचे सारे मोल आहे.