विद्रावण व लोणारचा खार

विद्रावण म्हणजे एखादा पदार्थ द्रवात विरघळून एकजिनसी विद्राव तयार होण्याची क्रिया. साखरखेर्डा ज्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील लोणारच्या खाऱ्या सरोवरात ही क्रिया व तिच्या उलट होणारे स्फटिकीकरण अशा दोन्ही क्रिया निसर्गतः घडतात. तेथील जुना खारउद्योग त्यांवरच अवलंबून होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत, लोणारला काच व साबण बनविण्याची द्रव्ये मिळतात, अशी नोंद केली आहे. उन्हाळ्यात पाणी आटले, की साचलेला खार लोक गोळा करीत. त्याच्या प्रकारांना डल्ला, पापडी, भुस्की अशी नावे होती.

या अनुभवामागील कारणांचा उलगडा बराच नंतर झाला. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये पाण्यातील सूक्ष्म कणांची अखंड, अनियमित हालचाल पाहिली. क्षार पाण्यात आयनांच्या (विद्युत् भारित अणू वा अणुगटांच्या) रूपात अलग होतात, असा सिद्धांत स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये मांडला. ब्राउन यांनी पाहिलेली हालचाल द्रवाच्या रेणूंच्या आघातांमुळे होते, हे अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये गणिताने दाखविले व पुढे झां पेरँ यांच्या प्रयोगांनी त्याला पुष्टी मिळाली.

स्फटिकातील आयन जागच्या जागी कंप पावत असतात. पाण्याचे रेणू त्यांना आकर्षून वेढतात व अलग करतात. नंतर कणांच्या अनियमित गतीने ते सर्वत्र पसरतात. याच वेळी काही आयन स्फटिकावर परत बसतात. सुटणाऱ्या व परतणाऱ्या आयनांचे प्रमाण सारखे झाले, की विद्राव संपृक्त होतो. कणांची गती मात्र थांबत नाही. बाष्पीभवनात पाण्याचे रेणू निघून जातात, आयन मागे राहतात व परतणाऱ्यांची संख्या वाढून खार जमतो. सर्व क्षार एकाच वेळी जमत नाहीत. १०० ग्रॅ. पाण्यात ०° से.ला मीठ सु. ३६ ग्रॅ., तर सोडियम कार्बोनेट सु. ७ ग्रॅ. विरघळते, २०° से.ला मिठाचे प्रमाण जवळजवळ तेच राहते, पण कार्बोनेटाचे सु. २१ ग्रॅ. होते.

बेसाल्ट खडकाच्या झिजेतून सुटलेले सोडियम पाण्याबरोबर लोणारच्या विवरात येते. पाणी पृष्ठावरून बाहेर वाहून जाण्यास तेथे वाट नाही. म्हणून सरोवर खारे व अल्कधर्मी बनले आहे. गोडे पाणी फार मिसळल्यास हा समतोल ढळतो आणि खाऱ्या पाण्यातच जगणारे सूक्ष्मजीव धोक्यात येतात. २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेल्या या सरोवराच्या रक्षणात, त्यात येणाऱ्या पाण्याच्या प्रमाणाकडे लक्ष देणे म्हणूनच आवश्यक ठरते.