पैनगंगेच्या दोन तीरांवरील भोई समाज

राजे, सुभेदार व त्यांच्या सनदा यांना इतिहासात मानाचे पान मिळते. परंतु ज्यांच्या खांद्यांवरून पालख्या गेल्या व ज्यांच्या नावेतून लोक पैलतीरी पोहोचले, त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९३९ साली सापडलेल्या ताम्रपटामुळे त्या राजशाखेचा इतिहास उजेडात आला. पैनगंगातीरीच्या आपल्या भोई समाजापाशी ताम्रपट नाही. त्याची साक्ष नदीच देते.

मासेमारी, नाव चालविणे, मेणे-पालख्या वाहणे, पाणी भरणे, तळ्यांत शिंगाडा लावणे व उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरवाड्या करणे, हे आपले परंपरागत व्यवसाय. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात धीमर, कहार व भोई यांचा विचार एकत्रच केलेला आहे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजी कारभारात गेले आणि पैनगंगा ही सरहद्द झाली. उत्तरेस वाशीम, दक्षिणेस निजामाचे हिंगोली. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली शिक्का व करोडगिरीची जकात. वाशीम-हिंगोली मार्गावरील कन्हेरगावाच्या नावाला ‘नाका’ हा शब्द आजही चिकटलेला आहे. परंतु सरहद्दीने राज्ये विभागली तरी सोयरीक विभागली नाही. रझाकारांच्या काळात मराठवाड्यातील अनेक कुटुंबांनी वऱ्हाडात आश्रय घेतला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली आणि १९५६ साली दोन्ही तीर एकाच राज्यात आले.

पुढे पुलांनी नावा थांबविल्या. बॅरेजेसच्या पाण्याखाली वाळू गेली, तेथे डांगरवाड्याही सरल्या. साचलेल्या पाण्यातील मासेमारीसाठी आता सहकारी संस्था व ठेका हवा.

तथापि जुनी सरहद्द कागदपत्रांत अद्याप जिवंत आहे. भोई समाज भटक्या जमाती (ब) प्रवर्गात मोडतो आणि जातपडताळणीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या घराण्याने नदी ओलांडून वस्ती केली, त्याचा एक कागद वऱ्हाडातील कोतवाल बुकात, तर दुसरा निजामी दप्तरात उर्दूत असावयाचा. तो हाती न लागल्यास हुशार विद्यार्थ्याचा प्रवेशही अडतो.

म्हणून ज्ञातिबांधवांना नम्र विनंती की, प्रत्येक गावाने वडीलधाऱ्यांकडून वंशावळी लिहून घ्याव्या, शाळांच्या दाखल-खारीज नोंदवह्यांचे उतारे मिळवावे आणि उर्दू जाणणाऱ्यांचे साहाय्य घ्यावे. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या इतरांना पैलतीरी नेले, त्यांची मुले कागदाअभावी ऐलतीरी राहू नयेत.