वकिलीचा अभ्यास आणि सतार

परवा एक गृहस्थ आपल्या कॉलेजातल्या मुलाला घेऊन आले. मुलगा माझाच जुना विद्यार्थी. "मास्तर, याला गाणं सोडायला सांगा. अभ्यास बुडतो."

मी त्यांना पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची हकीकत सांगितली. १८६० साली वाळकेश्वरी जन्मलेले भातखंडे विद्यार्थिदशेतच सतार शिकले. १८८४ मध्ये, एल्फिन्स्टन कॉलेजात असताना, ते पारशी रसिकांच्या 'गायन उत्तेजक मंडळी'त जाऊ लागले. तेथे त्यांनी धृपदे नि ख्याल यांची शेकड्यांनी पुंजी जमविली. तरीही १८८५ त बी.ए. आणि १८८७ त एल्‌एल.बी. झालेच!

पुढे वकिली सुटली, पण वकिलाची नजर सुटली नाही. गावोगावच्या उस्तादांकडून चिजा मिळवाव्या, एकाच रागाची निरनिराळी रूपे साक्षीदारांच्या जबान्यांसारखी ताडून पाहावी, असा त्यांचा क्रम. त्यातूनच दहा थाटांची मांडणी नि 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग उभे राहिले. अभ्यासाची ती शिस्त नसती, तर हे घडते का?

मुलाचा चेहरा खुलला. मी म्हटले, "हुरळू नकोस. भातखंडे पास झाले होते!"

वडील प्रथमच हसले. म्हणाले, "बरं, मास्तरांना काहीतरी म्हणून दाखव."