अडीच सुताचा नट

बाबांची बुलेट 1970 च्या दशकातली. मागच्या पावसाळ्यानंतर ती माझ्या हातात आली आणि तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की साठच्या पुढे गेलं की तळपायांना झिणझिण्या येतात. जुनी बुलेट थरथरतेच, म्हणून सोडून दिलं. मग एका सकाळी गाडी पुसताना इंजिनाला पुढून चासीशी धरून ठेवणारा एक नट चक्क बोटांनी फिरला.

बाबांच्या पेटीतले गंजके पाने मी आधीच भंगाराच्या पोत्यात टाकले होते. नवा चकचकीत सेट काढला. नटावर 13 चा पाना नीट बसला. पलीकडून बोल्टचं डोकं धरायला गेलो, तर तिथे 13 चढेना आणि 14 घसरला. नट आवळला तर दोन दिवसांत पुन्हा सैल. तिसऱ्यांदा जोर लावला आणि 14 च्या पान्याने बोल्टच्या डोक्याचे कोपरे गोल केले.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मेकॅनिक बसतात. त्यांनी चष्मा वर सरकवला, नटावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पोरा, नट एमएमचा आहे आणि बोल्ट सुताचा. टिकेल कसा?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गवंडी आजही 'चार सुताची सळी' मागतो, ती अर्ध्या इंचाची. माझा बोल्ट अडीच सुताचा, म्हणजे 5/16 इंचाचा. पण मद्रासमध्ये बनलेल्या गाडीत इंच आले कुठून? त्यासाठी जवळपास दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधला प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीने आटे पाडायचा. मँचेस्टरच्या यंत्राचा बोल्ट हरवला, तर लंडनमध्ये जोडीचा मिळेल याची खात्री नव्हती. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने ठिकठिकाणच्या कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, मोजले, सरासरी काढली आणि 1841 मध्ये सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली. आट्याचा कोन 55 अंश आणि प्रत्येक जाडीला इंचामागे किती आटे, हे ठरलेलं. पुढे क्रिमियन युद्धाच्या वेळी आरमाराच्या बोटींसाठी घाईने इंजिनं हवी होती. जॉन पेन या कारखानदाराने सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांना वाटून दिले आणि ते सगळे भाग एकत्र जुळले.

अमेरिकेला मात्र ही पद्धत पटली नाही. 1864 मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने 60 अंशांचा, सपाट माथ्याचा आटा मांडला. तो पाडायला सोपा होता. या पाच अंशांच्या फरकाची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. रोल्स-रॉइसचं मर्लिन हे विमानाचं इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतलं, तेव्हा ब्रिटिश आट्यांची हत्यारं तिला स्वतःच तयार करावी लागली. अखेर 18 नोव्हेंबर 1948 ला ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी 60 अंशांच्या एका सामाईक आट्यावर सह्या केल्या.

पण सह्या झाल्या म्हणून कारखान्यातली यंत्रं बदलत नाहीत. ब्रिटनमध्ये व्हिटवर्थचे जाडे आटे होते, 1908 पासून बारीक आट्यांची 'ब्रिटिश स्टँडर्ड फाइन' पद्धत होती आणि सायकलवाल्यांचे इंचाला 26 आटे वेगळेच. रॉयल एन्फिल्डचं गाव रेडिच. कंपनी सायकलींतून मोटारसायकलींकडे आलेली, त्यामुळे तिच्या गाड्यांत हे सगळे आटे शेजारी शेजारी नांदत होते. 1955 मध्ये मद्रास मोटर्सशी भागीदारी झाली, बुलेट भारतात बनू लागली आणि रेडिचच्या नकाशांबरोबर हे इंचही आले. गंमत म्हणजे त्याच दशकात भारत इंच सोडत होता. 1956 मध्ये कायदा झाला आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून मेट्रिक वजनमापं टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. बाजार मिलिमीटरकडे गेला, तरी बुलेट पुढे बरीच वर्षं सुतातच राहिली.

आता माझ्या नटाकडे येऊ. अडीच सूत म्हणजे 7.94 मिलिमीटर. कुणीतरी कधीतरी जुना नट हरवल्यावर त्यावर 8 चा नट चढवला होता. जाडी जवळपास सारखी, म्हणून तो चढला. पण माझ्या बोल्टला इंचामागे 22 आटे, म्हणजे एक आटा 1.15 मिलिमीटरचा. 8 च्या साध्या नटाचा आटा 1.25 चा. पाच आट्यांत जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची चूक. नट अडकतो, हाताला घट्ट लागतो, पण खरी पकड एखाद-दुसऱ्या आट्याचीच असते.

आणि बोल्टचं काम अडकण्याचं नाही, ताणलं जाण्याचं आहे. आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित लांबतो आणि त्या ताणाने दोन भाग दाबून धरतो. 1969 मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवलं, की बोल्टला आडवे हिसके बसून जोडलेले भाग एकमेकांवर सरकू लागले, की नट आपोआप उलटा फिरतो. ताण पुरेसा असेल तर भाग सरकतच नाहीत. एक सिलिंडरच्या इंजिनात हिसक्यांना तोटा नाही आणि माझ्या बोल्टमध्ये ताणच नव्हता.

काकांनी बोल्ट काढला. आट्यांवर गेज ठेवून 22 ची खात्री केली, मग डाय फिरवून चेपलेले आटे साफ केले. डब्यातल्या जुन्या नटांतून जोडीचा शोधून हातानेच शेवटपर्यंत फिरवून पाहिला. "हाताने अडला तर पाना लावायचाच नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं. इंजिनाचे बाकीचे बोल्टही तपासले. दोनशे किलोमीटरनंतर सगळे पुन्हा बघायला सांगितले. शेवटी विचारलं, "बाबांचे पाने कुठे आहेत?"

घरी येऊन पोतं उपसलं. एका पान्यावर '1/4 डब्ल्यू, 5/16 बीएस' असं कोरलेलं होतं. व्हिटवर्थच्या पान्यावर नटाच्या डोक्याचं नाही, बोल्टच्या जाडीचं माप असतं. त्याचं तोंड 0.525 इंच, म्हणजे 13.3 मिलिमीटर. 13 आणि 14 च्या मधलं. पाना बोल्टच्या डोक्यावर बसवून पाहिला. गोल झालेल्या कोपऱ्यांवरही घसरला नाही.