दाढीचा फेस

हजामतीला बसलेल्या गिऱ्हाइकाच्या गालावर गांवचा न्हावी वाटींतील पाणी बोटांनीं बराच वेळ चोळीत बसे. त्याच्या धोकटींत साबण असेच असें नाहीं. तरीहि वस्तरा सहसा ओढत नसे. केस मऊ करतें तें पाणी, हें त्याला कोणत्याहि पुस्तकानें शिकविलें नव्हतें. कोरडा केस तारेसारखा चिवट असतो. दोनतीन मिनिटें कोमट पाण्यांत मुरला कीं तो फुगतो आणि पुष्कळच कमी जोरानें कापला जातो. साबणाचें काम दुय्यम, पण क्षुल्लक नव्हे. केसावरील तेलकट थर काढून पाण्याला वाट करून देणें, तें पाणी गालावर धरून ठेवणें आणि पात्याखालीं कातडी निसरडी राखणें, एवढें त्यानें करावयाचें असतें. साध्या साबणाला हें नीट साधत नाहीं; म्हणून त्यांत काय मिसळावें याचा शोध सुरू झाला.

युरोपांत ही गरज भासली ती स्वतःची दाढी स्वतः करणाऱ्याला. सुऱ्यावस्तरे घडविणारा पॅरिसचा कारागीर झां-झाक पेरे यानें १७६९ सालीं या कलेवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. न्हाव्याचा सराईत हात आणि त्याची सबुरी ज्याच्यापाशीं नाहीं, त्याची उणीव साबणानेंच भरून काढणें भाग होतें. अमेरिकेंत कनेक्टिकट संस्थानांतील मँचेस्टर गांवीं जेम्स विल्यम्स यानें १८४० सालीं खास दाढीसाठीं म्हणून साबण विकावयास काढला.

परंतु खरी मदत झाली ती रसायनशास्त्राची, आणि तीहि मेणबत्त्यांच्या वाटेनें! चरबी म्हणजे निरनिराळीं आम्लें व ग्लिसरीन यांचा संयोग होय, हें मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञानें १८२३ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. त्यांतील स्टीअरिक आम्लाच्या मेणबत्त्यांचें पेटंट त्यानें १८२५ सालीं गे-ल्युसॅक याच्यासह घेतलें. मेणबत्तीवाल्यांनीं तें आम्ल ढिगानें बनविलें आणि पुढें तेंच साबणवाल्यांच्या कढईंत उतरलें. खोबरेल तेलाचा साबण झटकन् फेसाळतो, पण त्याचे बुडबुडे मोठे, पोकळ आणि क्षणांत विरणारे. स्टीअरिक आम्लाचा फेस सावकाश येतो. मात्र तो बारीक, दाट, साईसारखा आणि दाढी संपेपर्यंत टिकणारा. दोहोंची सांगड घालण्यावांचून गत्यंतर नव्हतें. शिवाय सोड्याचा साबण कठीण व मंदपणें विरघळणारा, तर पोटॅशचा मऊ आणि चटकन् विरघळणारा. म्हणून दाढीच्या साबणांत पोटॅशला मोठा वाटा मिळाला. थोडें स्टीअरिक आम्ल क्षाराशीं संयोग न होऊं देतां मोकळें ठेवलें, म्हणजे गालाची आगहि कमी होते.

ग्लिसरीन हें स्वीडनच्या शील यानें अठराव्या शतकांत ऑलिव्हचें तेल मुरदाडशिंगाबरोबर उकळून काढलें होतें. हवेंतील ओलावा ओढण्याच्या त्याच्या गुणामुळें फेस लवकर सुकत नाहीं. ओल्या ब्रशवर त्याचे दोन थेंब घेण्याची युक्ति यासाठींच. थेंबांचा चमचा झाला, तर मात्र फेस बसतो. पाणीच जड असेल तर ग्लिसरीनहि हात टेकतें. दख्खनच्या कित्येक विहिरींच्या पाण्यांत चुन्याचे क्षार असतात. त्यांच्याशीं गांठ पडतांच साबणाचा पांढरा गाळ होतो. तेथें चिमूटभर टांकणखार उपयोगीं पडतो. पावसाचें पाणी मिळाल्यास तोहि नको.

१९०३ सालीं जिलेट याचा सुरक्षित वस्तरा बाजारांत आला. पहिल्या वर्षीं खपले अवघे ५१. पहिल्या महायुद्धांत मात्र अमेरिकन सैन्याला ते लाखांनीं पुरविले गेले. घाईच्या दाढीला मग ब्रशहि जड वाटूं लागला. १९५० च्या सुमारास फेस तयार स्थितींत डब्यांत दाबून भरला जाऊं लागला. बोट दाबतांच तो ओंजळभर निघतो. पण त्यांत वायु पुष्कळ आणि पाणी थोडें. म्हणून आधीं चेहरा कोमट पाण्यानें चांगला भिजवावा, अशी सूचना त्या डब्यांवर छापलेली आढळते.