मुंबई-पुणे : राहणीमानाचा जमाखर्च

आपल्यापैकी बरीच कुटुंबं मुंबई सोडून पुण्यात स्थायिक झाली. ‘मुंबई परवडत नाही’ हे त्यामागचं ठरलेलं कारण. हयात बँकेत गेल्यामुळे ही बेरीज-वजाबाकी एकदा मांडून पाहावी, असं वाटलं.

मुंबईत खरा प्रश्न जागेचा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरू वाचला, पण मालकाला डागडुजी परवडेना आणि नव्या माणसाला पागडी मोजल्याशिवाय खोली मिळेना. म्हणजे राहणं स्वस्त, पण आत शिरणं महाग! चाळीत नळ सामायिक, संडासासमोर रांग. मात्र लोकलचा पास आणि बेस्टची बस असली की वाहनाची गरज नसे. पैशांऐवजी माणूस वेळ खर्च करायचा. विरार-चर्चगेट म्हणजे साठ किलोमीटर. रोज जाऊन-येऊन तीन तास सहज गेले.

पुण्याचं गणित नेमकं उलट. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले. पुढे पूरग्रस्तांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था जुन्या गावाबाहेर उभ्या राहिल्या. शहर असं चहूकडे पसरत गेलं. जमीन स्वस्त, त्यामुळे मुंबईतल्या एका खोलीच्या पैशांत इथे स्वयंपाकघर, गॅलरी आणि मोकळी हवा मिळाली. पण बससेवा तोकडी, म्हणून दारात स्कूटर हवीच. मेट्रो धावली ती थेट २०२२ साली. तोवर घरटी दोन दुचाकी आणि एक गाडी झाली. पेट्रोल, विमा, दुरुस्ती, उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर हे सगळं आपण ‘घरखर्चा’त धरतच नाही. धरलं तर मुंबई-पुण्यातला फरक बराच कमी होतो.

शिवाय २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आयटी कंपन्या वाढल्या आणि जमिनीची ती स्वस्ताईही संपली. आपण ज्या पगारात इथे ब्लॉक घेतला, त्या हुद्द्यावरच्या आजच्या मुलाला याच गल्लीत घर घेणं जड जातं. तो आणखी लांब जातो आणि मुंबईकरासारखाच प्रवासात वेळ घालवतो.

मग आता वाचवायचं कुठे? माझं उत्तर जुनंच आहे. १९१५ साली गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली ती याच विचाराने, की एकट्याला न परवडणारं एकत्र येऊन परवडतं. चाळीत नळ सामायिक होता तो नाइलाजाने. आपल्याला पावसाचं पाणी साठवणं, गच्चीवर सौर पॅनेल, मेट्रो स्टेशनपर्यंत एकत्र रिक्षा, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची सकाळी चौकशी हे ठरवून करता येईल. पहिल्या तीन गोष्टींनी मेंटेनन्स आणि पेट्रोल वाचेल. चौथीला खर्च काहीच नाही, पण राहणीमान खऱ्या अर्थाने त्यावरच ठरतं.

येत्या सर्वसाधारण सभेत यातली निदान एक गोष्ट तरी विषयपत्रिकेवर यावी, ही विनंती.