उपग्रहाला वाट कोण सांगतो?

२२ जून २०१६ रोजी सकाळी श्रीहरिकोटाहून 'पीएसएलव्ही-सी३४' हे रॉकेट २० उपग्रह घेऊन उडाले. त्यांतला 'स्वयम्' पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवला होता. १० सेंटिमीटर बाजूचा घन, वजन सुमारे १ किलो!

असा उपग्रह साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतो; पण जमिनीवरच्या एका केंद्राला तो एका वेळी फार तर १०-१२ मिनिटे दिसतो. मग एरवी त्याने कसे वागायचे, हे कोण सांगणार?

'स्वयम्'पुरते उत्तर सोपे होते. त्याच्या पोटात एक चुंबक होता. वर्गात दोऱ्याला टांगलेला पट्टीचुंबक आपोआप उत्तर-दक्षिण वळतो ना, तसाच हा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून वळावा, अशी योजना होती. त्याचे डोलणे शमवण्यासाठी खास मिश्रधातूच्या कांड्या होत्या. यासाठी वीज लागत नाही की आज्ञाही.

चुंबक दिशा दाखवतो, पण शेजारचा उपग्रह त्याला कळत नाही. तिथे निर्णय घेणारे यंत्र लागते. यानाचा कारभार कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपवण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेच्या 'डीप स्पेस-१'वर मे १९९९ मध्ये झाला होता. 'स्वयम्'सोबत गेलेल्या जर्मनीच्या 'बिरोस'ने २०१६ मध्येच पुढचे पाऊल टाकले. स्वतःच सोडलेला 'बीसॅट-४' हा छोटा उपग्रह कॅमेऱ्याने हेरून, आपला मार्ग आपणच आखत तो त्याच्याजवळ गेला. 'बीसॅट-४'ने मात्र त्याला काहीच मदत केली नाही.

खरा सहकार दोघांनी बोलण्यात असतो. ३० डिसेंबर २०२४ रोजी इस्रोने सोडलेले 'स्पेडेक्स'चे दोन उपग्रह, प्रत्येकी सुमारे २२० किलोचे, रेडिओवरून परस्परांना आपली स्थिती कळवत होते. जानेवारीत त्यांच्यातले अंतर अपेक्षेपेक्षा जास्त बदलले, तेव्हा शास्त्रज्ञांनी जोडणी पुढे ढकलली. १२ जानेवारीला ते ३ मीटरपर्यंत आले आणि मागे सरले. १६ जानेवारी २०२५ रोजी ते जोडले गेले.

जवळ कसे सरकायचे हे यंत्रांनी पाहिले. केव्हा थांबायचे हे माणसांनी. शेकडो उपग्रह एकत्र काम करू लागले, तर हे दुसरे कामही यंत्रांकडे द्यावे का? विद्यार्थ्यांना जरूर विचारा.